सोसायटीच्या लॉनमधलं गवत नक्की कोणतं? भिंग घेऊन पालथं पडल्यावर दिसलेल्या गोष्टी

परसदार | ११ जुलै, रात्री ९:४०

गेल्या रविवारी सोसायटीच्या बैठकीत पाऊण तास फक्त गवतावर गेला, लिफ्टचा विषय राहूनच गेला. दोन वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने 'मेक्सिकन' म्हणून गवताचे चौकोनी तुकडे आणून अंथरले होते. आता त्या लॉनमध्ये तीन-चार वेगळ्या हिरव्या छटा दिसतात. सचिव म्हणतात खत कमी पडलं. तळमजल्यावरचे आजोबा म्हणतात पाणी जास्त झालं. माळी म्हणतो, "साहेब, जात बिघडली." म्हणजे नक्की काय झालं, असं विचारल्यावर तो नुसता हसला.

शनिवारी सकाळी सोनाराकडे असतं तसलं दहापट भिंग, दाढीचं ब्लेड आणि लेकीची पट्टी घेऊन मी लॉनवर पालथा पडलो. येणारेजाणारे "काय हरवलं?" विचारत होते. दोन तासांत एवढं कळलं की जात बिघडलेली नाही, मुळात जातीच अनेक आहेत.

सगळ्यात आधी रंग विसरा. युरिया टाकला की आठवडाभरात सगळंच गडद होतं, पाणी तोडलं की सगळंच फिकं. नर्सरीतलं नावही विसरा. आमच्याकडे एकाच रस्त्यावरच्या दोन नर्सऱ्यांत 'मेक्सिकन' म्हणून दोन निरनिराळी गवतं दाखवली, दोघांनी तितक्याच आत्मविश्वासाने.

गवताच्या पानाचे दोन भाग असतात. वरचा मोकळा भाग म्हणजे आपण ज्याला पातं म्हणतो तो. खालचा भाग खोडाला म्यानासारखा गुंडाळलेला असतो. म्यान संपून पातं जिथे बाहेर वळतं, त्या सांध्याच्या आतल्या अंगाला जिभली असते. उसाच्या किंवा ज्वारीच्या पानावर ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, तिथे एकदा बघून घ्या म्हणजे लॉनमध्ये शोधताना चुकणार नाही. पातं हळूच मागे ओढायचं आणि उजेडाकडे धरायचं. काही गवतांत जिभली पातळ पापुद्र्यासारखी असते, काहींत नुसती केसांची झालर.

दुसरी खूण कोंबात. अजून न उलगडलेलं कोवळं पान आत कसं बसलंय ते बघायचं. कोंब ब्लेडने आडवा कापा. पान मधोमध दुमडलेलं असेल तर घडीच्या पोळीसारखं दिसतं, गुंडाळलेलं असेल तर सुरळीच्या वडीसारखं. (हे लिहिताना भूक लागली.)

आता आमच्या लॉनमध्ये काय सापडलं ते.

पहिलं, भर उन्हातल्या पट्ट्यात. पातं जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद, टोकदार. जिभली म्हणजे पांढऱ्या केसांची आखूड झालर. कोंबात पान दुमडलेलं. जमिनीवरून पळणारी खोडं आहेत आणि उपटलं तर जमिनीखालीही पांढरी, टोकदार खोडं निघतात. पळत्या खोडाच्या एकाच पेरावर दोन-तीन पानं असल्यासारखी वाटतात, कारण काही कांडी इतकी आखूड असतात की पेरं एकमेकांना चिकटून बसतात. ही आपली हरळी, दूर्वा, इंग्रजीतलं बर्म्युडा. याबद्दल मला शंका नाही.

दुसरं, कारंज्याजवळ. दोऱ्यासारखं बारीक, एक मिलिमीटरही रुंदी नाही. न कापलेल्या कडेला त्याचे उशीसारखे उंचवटे झालेत. हात फिरवला तर ताठ लागतं. पातं इतकं बारीक की ब्लेडने कापून आत काहीच दिसेना. मला वाटतं हे झॉयसिया, त्यातलं सगळ्यात बारीक पात्याचं.

तिसरं, बदामाच्या झाडाखाली. रुंद, फिकट पोपटी, पातं आठ-दहा मिलिमीटर, टोक बोथट. फक्त जमिनीवरून पळणारी खोडं. माझ्या मते सेंट ऑगस्टीन. माळी 'बफेलो' म्हणतो.

चौथं मला ओळखता आलं नाही. पायवाटेच्या कडेला, जिथे लोक तुडवतात तिथेच. मधून सगळीकडे फुटणारा चपटा झुबका, बुडाशी पांढुरकं, जवळजवळ चांदीसारखं. पळतं खोड नाही. उपटायला गेलो तर हात दुखला, गवत जागेवरच. कुणी सांगेल का?

---

सदाफुली | ११ जुलै, रात्री १०:१५

वाचनखूण साठवली! सुरळीची वडी भारीच. आमच्याकडे गणपतीत बाजारातून आणलेल्या जुडीत निम्म्या दूर्वा निराळ्याच गवताच्या निघतात असा मला कायम संशय येतो. आता भिंग घेऊन बसते.

---

नांगरट | १२ जुलै, सकाळी ६:०५

वाचून करमणूक झाली. तुम्ही पैसे देऊन हरळी लावता, आम्ही पैसे देऊन काढतो. काळ्या रानात हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही तिघं आली की माणूस म्हातारा होतो.

तुम्ही लिहिलेली जमिनीखालची पांढरी टोकदार खोडं, त्यातच तिचा जीव. लोक त्यांना मुळ्या म्हणतात, पण मुळीला पेरं नसतात. याला पेरं असतात, पेराला खवले असतात आणि प्रत्येक पेराला डोळा असतो. कुळवाने तुकडे केले की एकाच्या दहा होतात. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून ती खोडं वर आणायची आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापू द्यायची, मग वेचून बांधाबाहेर. तरी थोडी उरतेच. हरळीची मुळी उगाच म्हणत नाहीत.

चौथ्याचं सांगतो. ते उपटताना मूठ निसटते का? तुरा आला असेल तर फोटू टाका.

---

मैदानवाला | १२ जुलै, सकाळी ११:२०

क्रिकेटच्या मैदानावर काम करतो, म्हणून दोन शब्द.

हरळीतही दोन प्रकार डोळ्यांना वेगळे दिसतात. बांधावरची साधी हरळी आणि मैदानासाठी केलेले संकर. साध्या हरळीचं पातं रुंद, कांडी लांब. संकराचं पातं दीड-दोन मिलिमीटर, कांडी आखूड आणि वीण दाट. टिफवे ४१९ हा त्यातला प्रसिद्ध संकर, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी केलेला, १९६० साली बाहेर आला. आपली हरळी आणि तिच्याच सायनोडॉन या गटातली आफ्रिकेतली बारीक पात्याची दुसरी जात, यांचा हा संकर. गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे वांझ, बी धरत नाही. म्हणून तो लावायचा तर खोडाचे तुकडे किंवा गवताचे चौकोन लागतात. कुणी टिफवेचं बी विकत असेल तर पाकीट परत करा.

परसदार, तुमची खरी अडचण कापणीची आहे. दर आठवड्याला मशीन फिरलं की तुरा येतच नाही, आणि गवताची सगळ्यात पक्की ओळख तुऱ्यात असते. प्रत्येक छटेत हातभर जागा दोन-तीन आठवडे कापू नका, चार काठ्या रोवून दोरी बांधा. हरळीचा तुरा म्हणजे एका बिंदूतून फुटलेली तीन ते सात बारीक बोटं, बहुतेक वेळा चार-पाच. झॉयसियाचा एकच आखूड सरळ तुरा, आगकाडीसारखा उभा.

आणि बारीक झॉयसियाची कोंबातली सुरळी कापून दिसली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. रुंद पात्याच्या झॉयसियात ती सुरळी स्वच्छ दिसते. नुसत्या जिभलीवर मात्र विसंबू नका. झॉयसियालाही केसांचीच झालर असते, तिथे हरळीशी गफलत होते. फरक कोंबाच्या सुरळीत आणि पात्याच्या ताठपणात. अनवाणी चाललात तर झॉयसिया पायाला टोचतं, हरळी नाही.

---

ह्यूस्टनची_पडवी | १२ जुलै, रात्री ८:५०

तिसरं सेंट ऑगस्टीन नाही हो! माझ्या दारात ते बारा वर्षं आहे, दर शनिवारी कापतो, त्यामुळे त्याच्यावर थोडा हक्क सांगतो.

तुम्ही लिहिलेल्या खुणांनी सेंट ऑगस्टीन आणि कार्पेट ग्रास ही दोन्ही गवतं सारखीच वाटतात: रुंद पातं, बोथट टोक, फक्त जमिनीवरून पळणारं खोड. कोंबातलं पानही दोन्हींत दुमडलेलंच. फरक सांध्यापाशी आहे. सेंट ऑगस्टीनमध्ये म्यान संपून पातं सुरू होतं तिथे ते चिमटीत धरल्यासारखं अरुंद होतं, देठ असल्यागत. आणि पातं तिथून जवळपास काटकोनात बाहेर पडतं, जरा पीळ देऊन. टोक होडीच्या नाळेसारखं. पळतं खोड चांगलं जाड, विणायच्या सुईएवढं, आणि पेरं केसाळ नसतात. तुमच्या बदामाखालच्या गवताच्या पेरांवर बारीक केसांचं कडं आहे का ते बघा. असेल तर ते ॲक्सोनोपस, ज्याला कार्पेट ग्रास म्हणतात ते.

तुरा आला की वादच मिटेल. सेंट ऑगस्टीनचा तुरा एकच, जाड, मांसल. दाणे दांड्याच्या खाचांत रुतून बसलेले असतात. त्याचं शास्त्रीय नाव स्टेनोटॅफ्रम, ग्रीकमध्ये अर्थ 'अरुंद चर'. नाव ठेवणाऱ्याने तुराच बघून ठेवलंय. ॲक्सोनोपसचा तुरा काडीसारखा बारीक, वर दोन फाटे इंग्रजी व्ही अक्षरासारखे आणि बहुतेकदा जरा खाली तिसरा.

आणि 'बफेलो' हे नाव तर काढूच नका. ऑस्ट्रेलियात बफेलो म्हणजे हेच माझं सेंट ऑगस्टीन. अमेरिकेत बफेलो म्हणजे इथल्या कोरड्या गवताळ मैदानांवरचं अगदी वेगळं, करडट, बारीक पात्याचं गवत. तुमच्या माळ्याचं बफेलो तिसरंच.

अवांतर: इथे थंडीत सगळं लॉन गवती चटईच्या रंगाचं होतं. नव्याने आलेले मराठी लोक घाबरून पाणी मारत बसतात. ही उन्हाळी गवतं थंडीत झोपतात, मरत नाहीत.

---

ओसरी | १२ जुलै, रात्री ९:३०

बर्म्युडा गवत बर्म्युडा बेटांवरून आलं ना? मग आपल्या दूर्वा वेगळ्या असणार.

---

मैदानवाला | १२ जुलै, रात्री ९:४५

नाही. नावात बेटं असली तरी ते तिथलं मूळचं नाही. जगभर पसरलेली तीच सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि आपल्याकडे ती देवाला वाहतात यावरून किती जुनी ते समजा. नावाचा अर्थ मात्र उपयोगी आहे. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात, जमिनीखालच्या खोडावरच्या टणक खवल्यांवरून. वर नांगरट यांनी खवल्याचं लिहिलंय तेच. डॅक्टिलॉन म्हणजे बोट, तुऱ्यावरून. नाव नुसतं फोडलं तरी अर्धी ओळख पटते.

---

आगराबाजूला | १३ जुलै, सकाळी ७:१०

+१ ह्यूस्टनची_पडवी. गोव्यात आमच्या माडांखाली, कुळागरात, चिऱ्याच्या गडग्याच्या कडेने हे रुंद पोपटी गवत आपसूक पसरतं. लावावं लागत नाही. सावली आणि ओल दोन्ही मिळाली की खूश. उघड्या उन्हात पाणी तोडलं तर मात्र लगेच पिवळं पडतं. तुमच्याकडेही ते बदामाखालीच आहे, हे विसरू नका. हरळीला सावली सोसत नाही, म्हणून तिथली हरळी विरळ झाली आणि याने जागा धरली. जात बिघडली म्हणजे एवढंच.

एक सावधगिरी. आमच्याकडे त्याच जागेत एक पास्पॅलमही येतं, तसंच पळतं. त्याच्या तुऱ्याला दोनच फाटे, समोरासमोर पसरलेले, इंग्रजी टी अक्षरासारखे, खाली तिसरा नाही. पावसात अनवाणी गेलं की त्याचे दाणे पायाला चिकटून येतात.

---

दोहाकर | १३ जुलै, दुपारी २:३०

पास्पॅलमचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्याकडे आखातात खारट पाणी सोसणारं किनारी पास्पॅलम मैदानांवर लावतात. २०२२ चा फुटबॉल विश्वचषक त्यावरच खेळला गेला. कापलेलं असताना ते संकरित हरळीसारखं इतकं दिसतं की मी तीन वर्षं त्याला बर्म्युडाच म्हणत होतो.

इथे जिभली कामाला येते. हरळीला केसांची झालर. पास्पॅलमला पातळ पारदर्शक पापुद्रा, कांद्याच्या आतल्या सालीसारखा. कोंब कापला तर हरळीत घडी, यात सुरळी. तुरा आलाच तर यात दोन फाटे, हरळीत तीनपेक्षा कमी सहसा नाहीत. तीन खुणा, तिन्ही वेगळ्या, तरी लांबून एकच हिरवळ.

---

नांगरट | १३ जुलै, रात्री ८:००

चौथ्याचं कुणी बोलेना, म्हणून मीच. बुडाशी पांढरं, चपटं, पळतं खोड नाही, तुडवलेल्या घट्ट जमिनीत येतं, उपटत नाही. ती रानातली नाचणी. आपल्या नाचणीच्याच कुळातली, एल्युसिनी. तुऱ्याला हरळीसारखीच बोटं असतात, पण जाड, आणि दाणे दोन ओळींत चेनसारखे बसलेले. बहुतेक वेळा एखादं बोट बाकीच्यांच्या खाली वेगळं फुटलेलं असतं. हरळीत सगळी एकाच ठिकाणाहून.

तिच्यासारखंच आणखी एक आहे, त्याची बोटं आखूड आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला दाणे नसलेली उघडी अणी, कावळ्याच्या नखासारखी. ते पेरांना मुळं फोडत पसरतं. तुमचं झुबक्यात आहे म्हणजे ते नव्हे.

आणि लॉनमध्ये एक तकतकीत, हरळीपेक्षा भराभर वाढणारं पातं दिसलं तर त्याचा दांडा बोटांत फिरवा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा. ते गवत नव्हेच. पानं तीन दिशांना, आणि जमिनीखाली काळ्या गाठी. गाठ फोडली की नागरमोथ्याचा वास. वरून कापून त्याचं काही बिघडत नाही.

---

सदाफुली | १४ जुलै, सकाळी १०:०५

नांगरट, दंडवत घ्या. माझ्या संशयी जुडीतलं गवत बुडाशी पांढुरकं आणि चपटंच होतं! म्हणजे गेली कित्येक वर्षं बाप्पाला रानातली नाचणी.

मैदानवाला, एक बावळट प्रश्न. संकरित हरळी पूजेला चालेल का?

---

मैदानवाला | १४ जुलै, सकाळी १०:४०

मैदानावरच्या गवतावर कीटकनाशक आणि तणनाशक मारतात. धर्माचं मला कळत नाही, पण नैवेद्याच्या ताटाजवळ ते नको.

---

परसदार | २ ऑगस्ट, रात्री ९:१५

उशिराबद्दल माफी. दोरी बांधून तीन आठवडे वाट बघितली. सोसायटीत ते प्रेत सापडल्याची जागा आखल्यासारखं दिसत होतं, मुलांनी तिथे पाटी लावली: 'गवत चालू आहे'.

निकाल असा:

उन्हातलं हरळीच. पाच बोटं, एका बिंदूतून. पण त्यातही दोन निघाले. एका ठिकाणी पातं दीड मिलिमीटर आणि वीण दाट, शेजारी तीन मिलिमीटर आणि कांडी लांब. म्हणजे कंत्राटदाराचं मूळ गवत बारीक हरळी असावं आणि बांधावरची साधी हरळी त्यात शिरली. 'मेक्सिकन' नावाला कशाचाच आधार नाही.

कारंज्याजवळ एकेरी आखूड तुरा आला, इतका छोटा की भिंगाशिवाय दिसला नसता. झॉयसिया पक्कं.

बदामाखाली माझी चूक. पेरांवर केसांचं कडं होतं, मी आधी बघितलंच नव्हतं. सांध्यापाशी चिमटा नाही. तुऱ्याला वर दोन फाटे, खाली तिसरा. ॲक्सोनोपस. आगराबाजूला, तुमचं सावलीचं म्हणणं समितीला पटवलं. झाडाखालचं तसंच ठेवायचं, तिथे हरळी पुन्हा लावायला पैसे घालायचे नाहीत असा ठराव झाला. सचिवांनी आधी विरोध केला, मग बदामाची सावली काढायचा खर्च विचारल्यावर गप्प बसले.

रानातली नाचणी खुरप्याने बुडातून काढली. नांगरट, मूठ खरंच निसटते. पायवाट मात्र लोकांच्या पायांखाली दगडासारखी घट्ट झालीय. ती मोकळी केल्याशिवाय हे परत येणार, हे माळ्यानेच सांगितलं. त्याला आता भिंग हवंय.

सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू संकष्टीसाठी दूर्वा मागायला आल्या. दोरीच्या आतल्या न कापलेल्या हातभर जागेतले तीन पात्यांचे कोंब खुडून दिले. देण्याआधी प्रत्येकाचं पातं मागे ओढून झालर बघितली. काकू म्हणाल्या, "अरे, मोजतोयस का तपासतोयस?"

---

सदाफुली | २ ऑगस्ट, रात्री ९:३०

किती निघाल्या?

---

परसदार | २ ऑगस्ट, रात्री ९:३२

एकवीस मागितल्या होत्या. अठरा हरळीच्या, तीन परत लॉनमध्ये.